खो-खोच्या सरावासाठी घेतलेल्या सेन्सरांचा रिव्ह्यू, दहा-वीस रुपयांचा पायझो सगळ्यांना भारी

हे खेळाडूंपेक्षा घरी सोल्डरिंग आयर्न घेऊन बसणाऱ्यांसाठी आहे, आधीच सांगतो. परळला आमच्या मंडळाचा खो-खोचा सराव चालतो, तिथल्या पोरांसाठी मी आणि माझा एक मित्र मिळून दिवे बनवतोय, म्हणजे कसं की मैदानात सहा ठिकाणी वीतभर रुंदीचे गोल डबे ठेवायचे, त्यातला कुठलाही एक अचानक पेटणार, पोरानं धावत जाऊन थाप मारून तो विझवायचा आणि किती वेळ लागला ते मोबाईलवर दिसणार. असले तयार सेट परदेशी कंपन्यांचे मिळतात, छान असतात, पण किंमत ऐकून आमचे कोच सर म्हणाले, "अरे एवढ्यात मी पोरांना दोन वर्षं अंडी-केळी खायला घालीन." झालं, मग लॅमिंग्टन रोड, मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार.

डबा, बॅटरी, एलईडीची रिंग हे सगळं कोणालाही जमतं. डोकं खातो तो सेन्सर. व्हिडिओत बघाल तर प्रत्येक जण सेन्सर टेबलावर ठेवून त्याच्यासमोर हात हलवतो आणि बघा कसं मस्त चालतंय म्हणतो. टेबलावर सगळंच चालतं हो. मैदानात ऊन आहे, लाल माती आहे, घामानं चिकट झालेला हात आहे आणि बाजूनं धाडधाड पळणारी पोरं आहेत, त्यामुळे जे जे घेतलं ते तिथं कसं वागलं तेवढंच लिहितो.

त्याआधी एक गोष्ट, कारण ती कळली नाही तर चुकीचा सेन्सर घेणार म्हणजे घेणार. दिवा दिसल्यावर माणसाचा हात हलायला साधारण पाव सेकंद लागतो. धावण्याच्या शर्यतीत तर बंदूक वाजल्यावर ०.१०० सेकंदाच्या आत हललात तर फॉल्स स्टार्ट धरतात, म्हणजे त्याहून लवकर ऐकून हलणं माणसाला जमत नाही असं वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सनं धरून ठेवलंय. मग चांगलं पोर आणि साधारण पोर यांच्यात फरक किती उरणार, २०-३० मिलिसेकंद, फार तर ५०. आता सेन्सर दरवेळी ५ मिलिसेकंद उशिरा सांगत असेल तर काय बिघडत नाही, सगळ्यांनाच तेवढा उशीर. पण एकदा ५ आणि एकदा ६० असं करत असेल तर तो पोरांचा वेळ मोजतच नाहीये, स्वतःचा मूड मोजतोय. दुकानात सगळे रेंज विचारतात, किती मीटरवरून पकडतो. आमच्या कामाला रेंज शून्य लागते. हा वर-खाली होणारा उशीर किती, ते विचारा. कोणी सांगणार नाही, पण डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, असतं.

अल्ट्रासोनिक, म्हणजे एचसी-एसआर०४, ते दोन डोळेवालं बोर्ड, सगळ्यांच्या खोक्यात पडलेलं असतं म्हणून पहिलं तेच लावलं. २ सेंटिमीटर ते ४ मीटर अशी रेंज लिहिलेली असते आणि भिंतीसमोर ती खरीही आहे. पण पोर म्हणजे भिंत नाही. सैलसर टी-शर्ट आवाज पिऊन टाकतो, तिरक्या धरलेल्या हातावरून आवाज भलतीकडेच जातो. काही जण उन्हाळ्यात आवाजाचा वेग बदलतो म्हणून घाबरवतात. २० अंशाला ३४३ मीटर प्रतिसेकंद, आपल्याकडे ३२ अंशाला ३५० च्या आसपास, दोन टक्क्यांचा फरक, सोडून द्या तो. खरी बोंब अशी आहे की एक माप घेतल्यावर पुढचं घ्यायच्या आधी ६० मिलिसेकंद थांबा असं डेटाशीटच सांगते, नाहीतर आधीचा प्रतिध्वनी पुढच्या मापात घुसतो, म्हणजे हात आल्याचं कळायला कधी २ मिलिसेकंद तर कधी ६०. वरचं गणित आठवा. शिवाय सहा डबे एकाच ४० किलोहर्ट्झवर ओरडणार आणि एकाचा आवाज दुसरा ऐकणार. पाण्याच्या टाकीची लेव्हल बघायला ठेवा, उत्तम आहे. हां, आणि ईएसपी३२ ला, म्हणजे डब्यातला मेंदू असलेल्या छोट्या वायफाय बोर्डाला, जोडणार असाल तर सेन्सरची एको पिन ५ व्होल्ट देते आणि बोर्डाला ३.३ च चालतात, मध्ये दोन रेझिस्टर टाकायला विसरू नका.

मग इन्फ्रारेड. ई१८-डी८०एनके नावाची ती नारिंगी-काळी नळी मिळते, मागं एक छोटा स्क्रू असतो, त्यानं ३ ते ८० सेंटिमीटरमध्ये कुठं पकडायचं ते ठरवता येतं. आउटपुट सरळ हो किंवा नाही, लायब्ररी नको काय नको, वेगही चांगला. मंडळाच्या हॉलमध्ये लावून बघितला तर मी म्हटलं झालं काम. पण संध्याकाळी साडेचारला मैदानात नेला आणि पश्चिमेकडं तोंड असलेला डबा जो पिसाळला की विचारू नका. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं, ते सरळ आत शिरतं. आणि ज्या पोरांच्या काळ्या शॉर्ट्स त्यांना हा उशिरा बघतो, कारण काळ्या कपड्यावरून किरण कमी परततात. पोरांना दोन दिवसांत कळलं की काळी चड्डी घातली की टाइम वाईट येतो, आणि मग काय, सगळे पांढऱ्यात. हॉलमध्ये खेळणाऱ्यांनी, म्हणजे बॅडमिंटन वगैरे, जरूर घ्यावा. मैदानवाल्यांनी नको.

लेझर किंवा इन्फ्रारेडची रेघ मारून ती तोडायची, हा प्रकार स्प्रिंटच्या टायमिंगला मात्र एक नंबर. फक्त समोर एलडीआर, म्हणजे उजेडानं बदलणारा रेझिस्टर, लावू नका, तो उजेड-अंधार ओळखायलाच काही दहा मिलिसेकंद घेतो, फोटोट्रान्झिस्टर लावा. टीव्हीच्या रिमोटवाला टीएसओपी१७३८ लावणार असाल तर ध्यानात ठेवा की तो ३८ किलोहर्ट्झ सतत ऐकत राहिला तर त्याला गोंगाट समजतो आणि कान बंद करून घेतो, त्याला तुटक-तुटक पाठवावं लागतं. लोक इथंच अडकतात आणि सेन्सर खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडायला जातात.

व्हीएल५३एल०एक्स हा एसटी कंपनीचा, लेझरचा ठिपका सोडून तो परत यायला किती वेळ लागला ते मोजणारा, नखाएवढा सेन्सर. २ मीटरपर्यंत अंतर सांगतो, प्रकाश ९४० नॅनोमीटरचा म्हणजे डोळ्याला दिसत नाही. याच्या प्रेमात पडायला होतं, खोटं कशाला बोलू. कपड्याच्या रंगाचा त्याला ई१८ इतका त्रास नाही, कारण तो किती प्रकाश परत आला यापेक्षा कधी परत आला ते बघतो. नेहमीच्या सेटिंगला एका मापाला ३३ मिलिसेकंद घेतो, घाई केली तर २० पर्यंत येतो पण मग अचूकता सोडावी लागते. म्हणजे अल्ट्रासोनिकपेक्षा बरा, पण आमच्या २०-३० मिलिसेकंदांच्या भांडणात हा स्वतःच तेवढा वेळ खाणार. उन्हात रेंज चांगलीच घटते. आणि सगळ्यात वैताग म्हणजे वरचं ॲक्रिलिक. झाकण न लावता ठेवला तर माती जाते, झाकण लावलं तर त्याच्यावरच किरण आपटून सेन्सरला वाटतं हात आला, मग झाकण अगदी चिकटवून बसवा, कॅलिब्रेट करा, आणि पहिल्याच सरावात पोरांच्या हाताची लाल माती त्याच्यावर बसली की सगळं परत पहिल्यापासून. हात न लावता नुसता वरून फिरवायचा असा एक मोड लहान पोरांसाठी ठेवलाय, त्यात हा आहे, तोही फक्त हॉलमध्ये.

रडारवाला आरसीडब्ल्यूएल-०५१६ मित्राच्या हट्टानं आणला. प्लास्टिकच्या आरपार बघतो, डबा पूर्ण बंद ठेवता येतो, माती-पाण्याचा प्रश्नच नाही, ऐकायला किती गोड. पण तो दिशा बघत नाही, कोणीही कुठंही हललं की हललं. मैदानाच्या कडेला बसून वेफर्स खाणाऱ्या आजोबांनी मान वळवली तरी दिवा विझायचा. विषय बंद. एचबी१०० हा १०.५२५ गिगाहर्ट्झचा, रडारच, मात्र वेगळं प्रकरण आहे, तो वेग सांगतो, ताशी एका किलोमीटरला सुमारे १९.५ हर्ट्झ असा सरळ हिशोब, त्यामुळे थेट सेन्सरकडं ताशी २० किलोमीटरनं येणारं पोर ३९० हर्ट्झच्या आसपास बोलतं. सिग्नल इतका बारीक असतो की आधी चांगला ॲम्प्लिफायर लागतो, म्हणून सध्या कपाटात आहे.

आता पायझो. घड्याळाच्या बझरमध्ये असते ती पितळेची गोल चकती, वर पांढरट सिरॅमिकचा थर, २७ किंवा ३५ मिलिमीटरची, दहा-वीस रुपयांत मिळते आणि डझनानं घेतली तर अजून स्वस्त. दाबली, वाकली, ठोकली की स्वतःच वीज तयार करते, बॅटरी लागत नाही. थाप बसल्यापासून सिग्नल यायला एक-दोन मिलिसेकंदही लागत नाहीत आणि मुख्य म्हणजे दरवेळी तेवढेच लागतात. ऊन, रंग, माती, घाम, कशाशी देणंघेणं नाही. मला हाच पाहिजे होता.

पण नुसती आणून चिकटवली की झालं असं नाही, आणि इथं थोडं सविस्तर लिहितो कारण सगळी गंमत इथंच आहे. पहिलं म्हणजे जोरात थाप बसली की ही एवढीशी चकती काही दहा व्होल्टचा झटका देते, ईएसपी३२ ची पिन ३.३ व्होल्टची, मेलीच समजा. म्हणून चकतीला समांतर १ मेगाओहमचा रेझिस्टर, त्यानं चार्ज निघून जातो, मग पुढं एक रेझिस्टर आणि ३.३ व्होल्टचा झेनर डायोड, जो व्होल्टेज त्याच्या फार वर चढू देत नाही. हे दोन-पाच रुपयांचं काम आहे, टाळू नका. दुसरं, चकती ठोकल्यावर घंटेसारखी थरथरत राहते, एका थापेच्या चार थापा मोजल्या जातात, तर पहिली थाप पकडली की पुढचे ५० मिलिसेकंद कान बंद ठेवायचे. कुठलंही पोर ५० मिलिसेकंदात दोनदा मारू शकत नाही, काळजी नसावी. तिसरं, सिरॅमिकवर सोल्डर करताना आयर्न जास्त वेळ टेकवलं की थर उखडतो, तारा आधीच लावलेल्या चकत्या मिळतात, रुपया-दोन रुपये जास्त द्या आणि त्याच घ्या.

चौथं सगळ्यात महत्त्वाचं, बसवायचं कसं. चकती डब्याच्या तळाला लावली तर बाजूनं पोर पळत गेलं तरी दिवा विझतो, कारण जमिनीची धडधड थेट आत येते. लाल मातीत त्यातल्या त्यात बरं, माती मऊ असते. लाकडी फ्लोअरच्या हॉलमध्ये तर कहर. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, पुरुष-महिला दोन्ही आपणच जिंकलो आणि दोन्ही कॅप्टन महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, तेव्हापासून आमच्याकडं येणारी पोरं मातीपेक्षा मॅटचं नाव जास्त घेतात, म्हणजे पुढेमागे मॅटवर चालेल असंच बनवायला हवं. तर शेवटी जे जमलं ते असं, खाली प्लायचा तुकडा, त्यावर जुन्या योगा मॅटचा मऊ फोम, त्यावर ॲक्रिलिकचं गोल झाकण आणि पायझो त्या ॲक्रिलिकला खालून, म्हणजे वरची थाप झाकणातून थेट पायझोला, आणि जमिनीला आणि पायझोला मध्ये फोम. फोम कमी पडला तर नागदेवी स्ट्रीटला रबर शीट मिळते, तुकडा कापून देतात. पायझोची चकती पूर्ण चिकटवायची, अर्धवट चिकटवली तर वाकून तडकते. हे केल्यावर बाजूनं उडी मारली तरी दिवा हलत नाही आणि सहावीतल्या मुलीनं दोन बोटं टेकवली तरी विझतो. खरं तर सेन्सरच्या दुप्पट वेळ या फोमच्या जाडीवर गेला.

मोठ्या खेळांत पण हीच मारामारी आहे, फक्त पैसे जास्त. पोहण्याच्या शर्यतीत भिंतीला टचपॅड असतात, १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकपासून, त्यांची सगळी करामत हीच की पाण्याच्या लाटेनं वाजायचं नाही आणि हात टेकला की वाजायचंच. तलवारबाजीत एपे नावाच्या तलवारीच्या टोकाला स्प्रिंग असते, ७५० ग्रॅमचं वजन तिनं उचललंच पाहिजे अशी तपासणी करतात, फॉइल या दुसऱ्या तलवारीला ५००. म्हणजे किती जोराची थाप खरी धरायची हे त्यांनी कोडमध्ये नाही, स्प्रिंगमध्ये लिहून ठेवलंय. आमचं स्प्रिंगचं काम फोम करतो.

कोणी म्हणेल साधं बटण का नको, व्हिडिओ गेमच्या मशीनवर असतं तसं मोठं आर्केड बटण, आत मायक्रोस्विच. लावून बघितलं. वेग झकास, कोड दोन ओळींचा, संपर्क थरथरतो पण तो काही मिलिसेकंदांचा मामला, सांभाळता येतो. मात्र लाल माती फटीत गेली की बटण खालीच अडकून बसतं, आणि पूर्ण वेगात आलेल्या मोठ्या मुलाची थाप तिरकी बसली तर बटणाची मान मोडते. घरात लहान मुलांच्या खेळाला बेस्ट, माझ्याकडून पाचपैकी चार.

अजून एक जण मध्येच त्रास देतो तो म्हणजे दिवा स्वतः. डब्ल्यूएस२८१२बी ची १६ एलईडीची रिंग पूर्ण पांढरी पेटवली तर ती एक अँपिअरच्या आसपास ओढते, त्या क्षणी सप्लाय खाली बसतो आणि पायझोच्या पिनवर खोटी थाप दिसते. दिवा लागला आणि शून्य सेकंदात विझला, पोर म्हणतं दादा मी न मारताच जिंकलो. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर रिंगच्या जवळ लावा आणि पांढऱ्याऐवजी एकच रंग वापरा, हिरवा उन्हात त्यातल्या त्यात दिसतो.

वेळ कुठं मोजायचा यावर मित्राशी कचाकचा भांडण झालं. त्याचं म्हणणं मोबाईलवर मोजू, सोपं पडतं. मी नाही म्हटलं, कारण ब्लूटूथ लो एनर्जीत फोन आणि डबा एकमेकांशी ठरलेल्या अंतरानंच बोलतात, ते अंतर ईएसपी३२ वर किमान ७.५ मिलिसेकंद, आणि फोन स्वतःच्या सोयीनं ते वाढवतो. मग एवढा जलद पायझो घेऊन करायचं काय? जो डबा पेटतो तोच डबा थाप खातो, मग घड्याळही त्याच्यातच ठेवा, ईएसपी३२ ला मायक्रोसेकंद मोजता येतात, मोजून झालं की आकडा सावकाश पाठवू दे फोनला. डब्या-डब्यांत आपसांत बोलायला ईएसपी-नाऊ वापरलंय, राउटर लागत नाही. आणि पायझो ॲनालॉगवर, म्हणजे नुसतं हो-नाही न बघता व्होल्टेज मोजून, वाचणार असाल तर ईएसपी३२ च्या एडीसी-२ गटातल्या पिना घेऊ नका, वायफाय चालू असताना त्या वाचता येत नाहीत.

पायझोला एक गोष्ट अजिबात जमत नाही, नुसतं उभं राहिलेलं त्याला कळत नाही. पाय ठेवला तेव्हा एकदा बोलतो आणि गप्प. पण खो-खोत तर सगळं बसण्या-उठण्यावर. आठ गडी चौकोनात बसलेले, नववा पळतोय, त्यानं मागून पाठीला हात लावून खो म्हटल्याशिवाय बसलेल्यानं उठायचं नाही, आधी उठला की फाऊल. सरांना नेमकं हेच हवंय की खो मिळाल्यापासून गडी किती वेळात सुटतो आणि कोण चोरून आधी उठतो. डोळ्यानं बघून हे ठरवताना रोज वाद होतात. इथं पायाखाली सतत दाब सांगणारं काहीतरी पाहिजे.

एफएसआर४०२ आणला, दाबला की रेझिस्टन्स कमी होतो, पातळ, छान. पण त्याची काम करणारी जागा १२.७ मिलिमीटर, पोराचा अंगठा बाजूला सरकला की बस गेली. आणि किमतीला शेकड्यात जातो, आठ चौकोनांत दोन-दोन पायांखाली लावायचे म्हटले तर अंडी-केळी परत आलीच. लोड सेल आणि एचएक्स७११ हा वजनकाट्यातला प्रकार, २४ बिटची अचूकता वगैरे, पण सेकंदाला १० मापं, फार तर पिन बदलून ८०, म्हणजे दोन मापांत १२.५ मिलिसेकंद. आम्हाला पोराचं वजन नको, तो सुटला कधी ते हवं. कांदे मोजायला घ्या.

शेवटी वेलोस्टॅट, कार्बन मिसळलेलं काळं प्लास्टिक, दाबलं की वीज जास्त जाऊ देतं. दोन्ही बाजूंनी तांब्याची टेप, वर-खाली जाड रेक्झिन, आणि पाऊलभर आकाराचा पॅड तयार. याचा आकडा सरकत राहतो, पोर अर्धा मिनिट बसलं की त्याच दाबाला वेगळा आकडा, घामाची ओल गेली की अजून वेगळा, म्हणून इतक्याच्या वर म्हणजे बसलाय असा पक्का आकडा कोडमध्ये टाकायचाच नाही. आकडा किती आहे ते सोडा, किती झटक्यात पडला ते बघा. पाय सुटताना तो असा खाली कोसळतो की चुकायला वाव नाही. ऑलिंपिकच्या स्टार्टिंग ब्लॉकमध्ये पायाचा रेटाच मोजतात, त्या घराण्यातलं हे गरीब पोर म्हणा.

खांबाचं वेगळं. खांब सव्वा मीटरचा, पोर कुठं हात घालून वळेल सांगता येत नाही, सगळ्या उंचीला पायझो लावत बसणार का? तिथं वरच्या टोकाला एमपीयू-६०५०, म्हणजे हालचाल-झटके मोजणारी चिप, बांधला, खांबाला कुठंही हात पडला की पूर्ण खांब हलतो आणि त्याला कळतं. तो १६ जी पर्यंतच मोजतो, जोराच्या धडकेला आकडा वर आपटतो, पण आम्हाला धडक केवढी ते नको, कधी ते हवं, त्यामुळे चालतंय. त्याच जातीच्या एडीएक्सएल३४५ मध्ये टकटक ओळखायची सोय आतच असते, ती बोर्डाला लगेच हाक मारते (इंटरप्ट), परत घ्यायची वेळ आली तर तोच घेईन.

लॅमिंग्टन रोडबद्दल दोन शब्द, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून ते नाव घेतलंत तर माणूस विचारात पडेल. रविवारी बहुतेक शटर बंद, शनिवारी पाय ठेवायला जागा नाही. ऑनलाइनपेक्षा इथला फायदा हा की वस्तू हातात घेऊन बघता येते आणि पायझोसारखी किरकोळ चीज लगेच मिळते, कुरियरचे पैसे चकतीपेक्षा जास्त झाले असते. तोटा असा की काहीही मागा, गल्ल्यावरचा माणूस "चलेगा ना भाई, सब चलता है" म्हणतो. एका दुकानात एमपीयू-६०५० म्हणून जे दिलं त्याला घरी येऊन ओळख विचारली तर ०एक्स६८ यायच्या जागी ०एक्स७० आलं, म्हणजे आत एमपीयू-६५०० ही वेगळी चिप बसलेली. चालला तसाही, पण रेडीमेड लायब्ररीनं त्याला ओळखच दिली नाही आणि रात्र गेली. लॅपटॉप किंवा नुसता ईएसपी३२ आणि पॉवर बँक बरोबर न्या, तिथंच चिपचा पत्ता आणि ओळख-क्रमांक वाचा, कोणी नाही म्हणत नाही, उलट बाजूचे दोघं बघायला येतात. वेलोस्टॅट मात्र रस्त्यावरच्या दुकानांत नाही मिळालं, मला ते ऑनलाइनच मागवावं लागलं.

आत्ता मैदानात आहे ते असं, सहा डब्यांत पायझो, दोन खांबांवर एमपीयू, आणि वेलोस्टॅटचे पॅड सध्या दोनच चौकोनांत. अडलंय ते पाठीवर. खो दिला हे कळायला बसलेल्या गड्याच्या बनियनला मागं काहीतरी लावावं लागेल. पायझो लावला तर पोर हललं तरी बोलतो, एमपीयू लावला तर पोर उठतानाच्या झटक्यात आणि पाठीवरच्या थापेत फरक करायला कोड लिहावा लागतो, तो अजून दहातल्या दोन वेळा फसतो. तायक्वांदोवाल्यांनी पायमोज्यात चुंबक आणि चिलखतात सेन्सर असं करून हे सोडवलंय, त्याच वाटेनं पळणाऱ्या गड्याच्या हातमोज्यात छोटं चुंबक आणि पाठीवर चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर लावून बघायचा विचार आहे, हॉल सेन्सर स्वस्त असतो आणि घामाला भीक घालत नाही. सर म्हणतात खो-खोत हातमोजा घालून कोण खेळतं? मनगटाच्या पट्ट्यात बसेल एवढं चुंबक कोणी वापरलं असेल तर कुठल्या आकाराचं घेतलंत तेवढं सांगा, शनिवारी ग्रँट रोडला जातोच आहे.